ऊर्णा नावाचा पत्ता

शेवगाव,
रविवार, १४ मार्च १९९९

वहिनीस ज्ञानेश्वरीचा नमस्कार.

पाकिटावर आधी सवयीनं ‘सौ.’ लिहिलं गेलं. ते पाकीट फाडलं आणि दुसरं घेतलं. ‘श्रीमती’ लिहायला हात धजेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे, तेही तुमचं माहेरचं, दीपा. ऊर्णा कोण हे बेलापूरच्या पोस्टमनला कुठून कळणार? दहा महिन्यांत मी एकही पत्र पाठवलं नाही आणि आज पाठवते आहे ते कामासाठी. हे आधीच सांगते, म्हणजे मागाहून फसवल्यासारखं वाटायला नको.

गेल्या वर्षी पुण्याच्या प्रदर्शनात ज्या मॅडमनी भाऊकडच्या सगळ्या घोंगड्या एकदम घेतल्या, त्या आता आमच्याकडूनच माल नेतात. आसारामदादानं आणखी एक माग टाकला आहे. मॅडमना घोंगड्या परदेशात विकायच्या आहेत आणि त्यासाठी इंटरनेटवर पत्ता लागतो. मी नगरला कॉम्प्युटरच्या क्लासला जाते, तिथं मी तसे पत्ते पाहिले आहेत. त्यात गाव, गल्ली, पिनकोड काही नसतं. नुसतं नाव असतं. जगात ते एकाच जणाला मिळतं आणि जो आधी नोंदवील त्याचं होतं.

मॅडमना ‘ऊर्णा’ हवं आहे. तुम्ही प्रत्येक घोंगडीच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं ते नाव काढून दिलं होतं ना, गिऱ्हाइकं अजून तेच नाव घेऊन विचारतात म्हणे. नुसतं ‘ऊर्णा’ कोणीतरी आधीच नेलं आहे, म्हणून ऊर्णा आणि घोंगडी जोडून एकच शब्द करायचा. मध्ये जागा सोडायची नाही. मी वहीत इंग्रजीतून तो पंधरा वेळा लिहून पाहिला. पहिल्या ऊसाठी एक यू की दोन ओ, हे ठरेना. आणि ‘ण’ला इंग्रजीत अक्षरच नाही. एन लिहायचा. म्हणजे सगळ्या जगात ते ‘उरना’ असंच वाचलं जाणार, आई म्हणते तसं.

ते नाव मी शोधलं होतं. तुमच्या लग्नाच्या वेळी मी दहावीत होते, घरात पुस्तक उघडणारी पहिलीच, म्हणून सुनेचं नाव सुचवायचा मान मला मिळाला. संस्कृतच्या पुस्तकात शेवटी शब्दांचे अर्थ होते. ऊर्णा म्हणजे लोकर. भाऊनं ताटातल्या तांदळात अंगठीनं ते लिहिलं तेव्हा मला किती मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. पुढं त्याचं काय होईल ते मला ठाऊक नव्हतं. भाऊ गेल्यावर आई म्हणाली, “नावच तसं ठिवलं. समदे गेले, ही उरली.”

दादाचं म्हणणं, तुम्हाला विचारायची गरज नाही. “लग्नात नाव आपुन ठिवलं, मंग आपलंच की त्ये.” मला तसं वाटत नाही. चार वर्षं त्या नावानं हाक मारली की वळून बघायच्या त्या तुम्ही. म्हणून विचारते. ते नाव आम्ही घ्यावं का? नको असेल तर नको लिहा. दोन ओळी पुरेत.

ज्ञानेश्वरी


शेवगाव,
रविवार, ४ एप्रिल १९९९

वहिनीस नमस्कार.

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं असेल असं धरून लिहिते. पोचलं नसेल तर हे पत्र तुम्हाला अर्धवट वाटेल, म्हणून थोडक्यात: आम्हाला इंटरनेटच्या पत्त्यासाठी तुमचं सासरचं नाव हवं आहे आणि मी तुमची परवानगी मागते आहे.

मॅडमचा फोन आला होता, पोस्टाशेजारच्या बूथवर. मेच्या पंधरा तारखेपर्यंत आम्ही नाव नोंदवलं नाही तर त्या स्वतःच्या दुकानाच्या नावे नोंदवणार. मग ते ना तुमचं, ना आमचं. त्यांनी आणखी एक काम सांगितलं आहे. पत्ता उघडला की पहिल्या पानावर ऊर्णा कोण हे सांगायचं. नवरा-बायकोची गोष्ट लोकांना आवडते म्हणाल्या.

मी लिहायला बसले. ‘ऊर्णा या घरची सून. तिचे पती कानिफनाथ यांनी मोठ्या कष्टाने...’ इथपर्यंत झालं. पुढं ‘आजारी असतानाही’ असं लिहिलं आणि थांबले. कारण त्यापुढं कोणी धाडलं हे आलं असतं.

घरचं सांगते. तुमच्या मागाच्या खड्ड्यावर फळी टाकली आहे. त्यावर आई चिंचोके वाळत घालते. सुताला लावायच्या चिंचोक्यांच्या खळीचा वास तसाच घरभर असतो. नेवाश्याची मंडळी मला बघून गेली. मुलगा साखर कारखान्यात कारकून आहे. त्यांनी अजून काही कळवलं नाही.

तेराव्याच्या दिवशी सगळ्यांसमोर आई तुम्हाला बोलली, तेव्हा तुम्ही तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलंत. मला त्याबद्दल लिहायचं आहे. आज नाही होत.

ज्ञानेश्वरी


शेवगाव,
रविवार, ११ एप्रिल १९९९

वहिनी,

आज तेवढंच लिहिते, नावाचं काही लिहीत नाही.

प्रदर्शनाचा अर्ज मी भरला होता. घरातल्या कोणी भरलेला तो पहिला इंग्रजी अर्ज. गाळा मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा मी ते उशाखाली घेऊन झोपायचे. आणि नेमक्या त्याच आठवड्यात भाऊचे डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी पडून राहा, तेलकट खाऊ नको, उन्हात हिंडू नको सांगितलं. दादा हिशेबाला, बोलायला कच्चा, तो जाणार नव्हता. मला एकटीला कोणी धाडलं नसतं.

तुम्हाला कावळा शिवला होता. तुम्ही मागच्या पडवीत, भाऊ पुढच्या खोलीत मागापाशी. लोकरीला विटाळ होतो म्हणून तुम्ही तिकडे यायचं नाही, अशी आपल्या घरची रीत. दोघांमधले निरोप मी नेत होते.

भाऊ म्हणाला, “वहिनीला इचार, जाऊ का?” मी मागं आले. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत होता. तुम्ही म्हणालात, “नका जाऊ म्हणावं. पुढच्या साली जाता येईल.” अगदी हेच शब्द. मी ते एकदाही विसरले नाही.

मागच्या दारापासून पुढच्या खोलीपर्यंत पंचवीस पावलं असतील. तेवढ्यात मी काय विचार केला ते मला नीट सांगता येत नाही. पुढच्या वर्षी गाळा मिळेलच असं नाही, असं वाटलं. अर्ज फुकट जाईल असं वाटलं. पाच दिवसांत काय होतंय, असंही वाटलं. भाऊसमोर उभी राहिले आणि म्हणाले, “जा म्हणाली वहिनी.”

‘नका’ एवढाच शब्द मी गिळला.

दुसऱ्या दिवशी सातच्या एसटीनं तो गेला. तुम्ही पडवीतूनच बघितलंत. आपलं न ऐकता गेला, असं तुम्हाला वाटलं असेल. त्याला वाटत होतं, तुमच्यासाठी जातोय. पाच दिवस त्यानं उन्हात गाळा चालवला, बाहेरचं खाल्लं आणि सगळा माल विकून आला. तेरा दिवसांनी नगरच्या दवाखान्यात वारला. तिथं तो आईला म्हणाला होता, ‘ती जा म्हणली म्हणून गेल्तो.’ तेच आईनं तेराव्याला सगळ्यांपुढं काढलं. नवऱ्याला मरायला धाडलं म्हणाली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी पत्रावळी पुसत होते. पुसतच राहिले.

तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत, हे मला कधी कळलं नाही. मी बोलेन असं वाटलं असेल तुम्हाला. तुमचा भाऊ न्यायला आला तेव्हाही मी शेळीला पाला घालायला निघून गेले.

क्षमा मागायला हे लिहिलेलं नाही. तुमचं नाव मागायला तुमच्या दारात आले आणि हे पदराआड ठेवलं, तर ते मागणं खोटं होईल, म्हणून लिहिलं. हे वाचल्यावर तुम्ही नको म्हणालात तर मी दादाला तसंच सांगेन.

ज्ञानेश्वरी


शेवगाव,
गुरुवार, २२ एप्रिल १९९९

वहिनीस नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. पाकिटातून न पाठवता उघडं कार्ड पाठवलंत. पोस्टमननं वाचलं, दादानं वाचलं. तेवढ्याचसाठी पाठवलं असेल, हे मला समजलं. ते मला पाठ झालं आहे. तरी इथं उतरवते, म्हणजे मी काय कबूल केलं ते तुमच्याकडेही माझ्या अक्षरात राहील.

‘ज्ञानेश्वरीस. ज्यांच्यासमोर मला बोलल्या त्यांच्यासमोर मी नका म्हणाले होते हे सांग. त्यांना पटलं तर नाव तुमचं, खुशाल न्या. नाही पटलं तर माझं मला राहू द्या. दीपा.’

दादानं दोनदा वाचून विचारलं, “कशाला नका म्हणली ही?” मी म्हणाले, वर्षश्राद्धाला सांगते. त्याला तो नुसता नावाचाच काहीतरी वाद वाटला. “लई शिकल्याली झाली बेलापूरला जाऊन,” म्हणाला.

वर्षश्राद्ध दोन तारखेला आहे, वैशाख वद्य द्वितीया. तेराव्याला होते ते सगळे येतील. लंकाआत्या तर आठ दिवस आधीच राहायला येणार आहेत. नेवाश्याच्या मंडळींनाही आईनं बोलावलं आहे, घर-भावकी बघू द्या म्हणून.

मी सांगेन. काय बोलायचं ते मी वहीत लिहिलं आहे. चारच वाक्यं आहेत.

ज्ञानेश्वरी


शेवगाव,
मंगळवार, ४ मे १९९९

वहिनी,

सांगितलं. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, माझ्या बाजूनं काही न वळवता.

पिंड झाले, कावळ्यानं बऱ्याच वेळानं घेतला. पंगत बसायच्या आधी सगळे मांडवात होते तेव्हा मी उभी राहिले. वही हातात होती, पण उघडली नाही. म्हणाले, भाऊला प्रदर्शनाला वहिनीनं धाडलं नाही. ती नका जाऊ म्हणाली होती. निरोप मी नेला आणि मी खोटा सांगितला. गेल्या वर्षी आई जे बोलली ते मला बोलायला हवं होतं.

मला वाटलं होतं, कोणी मारील. निदान ओरडतील.

लंकाआत्यांनी पदर डोळ्याला लावला. म्हणाल्या, “बघा, भावजयीवर किती जीव हाय पोरीचा. तिच्यावरला डाग आपल्या अंगावर घेती.” मी म्हणाले, डाग नाही, खरंच मी खोटं सांगितलं. तर त्यांनी मला जवळ ओढून डोक्यावरून हात फिरवला आणि बायकांना म्हणाल्या, “भावाच्या दुःखानं झालंय तिला असं. रोज वहीत काहीतरी लिहीत बसती.” आईनं कोणाकडे न बघता वाढायला सांगितलं. बुंदीचं घमेलं फिरलं. मी उभीच होते. कोणीतरी मला बस म्हणालं.

संध्याकाळी नेवाश्याची मंडळी जाताना पसंती सांगून गेली. मुलाची आई म्हणाली, अशी मनाची मोठी पोर शोधून मिळत नाही.

वहिनी, मी खरं बोलले आणि माझं लग्न ठरलं. हे वाक्य मी तीनदा खोडलं, पण दुसरं सापडलं नाही.

पाहुणे गेल्यावर आई मागच्या पडवीत भांडी घासत होती. मी तिच्यापुढं बसले आणि तेच पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं नाही.

“मला ठाऊक हाय,” म्हणाली.

मी विचारलं, कधीपासून?

“तवाच. मी माजघरात बाजरी निवडत हुते. ती नका म्हणली त्ये ऐकलं. तू पुढं जाऊन जा म्हणली, त्ये बी ऐकलं.”

मग तू भाऊला का थांबवलं नाहीस, म्हटलं. ती घासत राहिली. राख संपली तेव्हा म्हणाली, “मला बी वाटलं, जाऊंदे. माल इकून यील.” आणि मग, “ल्येक मेला. कुणाला तरी घालवायला पायजे हुतं. तुला कुठं घालवू? तिला म्हायेर हुतं.”

म्हणून तुम्ही. तुम्हाला जायला जागा होती म्हणून.

मी म्हणाले, हे उद्या सगळ्यांना सांग. ती म्हणाली, “येडी हायस का? तुझं लगीन ठरलंय.” आणि भांडी उचलून आत गेली.

तर असं आहे. मी सांगितलं, पण कोणाला पटलं नाही. जिला ठाऊक आहे ती बोलणार नाही. तुमच्या कार्डावर ‘पटलं तर’ असं आहे. मी पळवाट शोधत नाही. पटलेलं नाही.

ज्ञानेश्वरी


शेवगाव,
रविवार, १६ मे १९९९

वहिनी,

सोबत एक कागद आहे. तो जपून ठेवा. इंग्रजीत आहे, म्हणून त्यात काय आहे ते लिहिते.

शुक्रवारी दादा आणि मी पुण्याला मॅडमच्या दुकानात गेलो. मुदतीच्या आदल्या दिवशी. मी दादाला आधी म्हटलं होतं, दुसरं नाव घेऊ, गावाचं घेऊ. तो म्हणाला, नाव बदललं तर गिऱ्हाईक बदलेल, आणि पत्र-कार्डांचे खेळ पुरे झाले. मॅडमनाही विचारून बघितलं. त्या हसून म्हणाल्या, तुम्ही नाही घेतलं तर संध्याकाळी मी घेते, मला तर फायद्याचंच आहे.

म्हणजे मी काही केलं नाही तरी ते नाव जाणारच होतं.

दुकानाच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर होता. मॅडमनी त्यांच्या बँकेच्या कार्डाचा आकडा घातला, पैसे मालातून कापू म्हणाल्या, आणि बाकीचं तू भर, तुला येतं, असं सांगून पुढं गिऱ्हाइकांकडे गेल्या. पान उघडायला फार वेळ लागत होता. एकेक ओळ वरून खाली उतरत होती. दादा माझ्या खुर्चीमागं उभा होता. मी ऊर्णा लिहिलं, एका यूनं, आणि त्याला चिकटून घोंगडी. नाव मोकळं होतं.

मग मालकाचं नाव विचारणारी चौकट आली.

मी तुमचं नाव लिहिलं. दीपा, मग तुमच्या वडिलांचं नाव, मग माहेरचं आडनाव. खाली बेलापूर, तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहमदनगर. आडनावात एक अक्षर चुकलं, ते पुसून पुन्हा लिहिलं.

दादाला इंग्रजी वाचता येत नाही. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “ह्ये माझं नाव का?”

मी हो म्हणाले.

मॅडम पुढूनच म्हणाल्या, झालं का, आणि मी झालं म्हणाले. कागदाच्या दोन प्रती निघाल्या. परतीच्या एसटीत दादानं त्याची प्रत शेजारच्या म्हाताऱ्याला दाखवली. “जगात एकच हाय,” म्हणाला. म्हाताऱ्यानं विचारलं, जमिनीचा उतारा का? दादा म्हणाला, तसंच समजा. भाऊ असता तर किती हसला असता, असं म्हणून तो खिडकीबाहेर बघायला लागला. घरी आल्यावर त्यानं कागदाला हळद-कुंकू लावलं आणि मागाच्या वर खिळ्याला अडकवला. आईनं त्याला हात जोडले. त्या कागदावर तुमचं नाव आहे, वहिनी.

दुसरी प्रत तुमची. नाव दोन वर्षांसाठी आहे. ते दुसऱ्या कोणाला द्यायचं तर तुमची सही लागेल, दुसऱ्या कोणाची चालणार नाही. आम्हाला वापरू द्यायचं, मॅडमना विकायचं, की पडू द्यायचं, ते तुम्ही ठरवा. काहीच केलं नाहीत तर दोन वर्षांनी ते आपोआप सुटेल आणि कोणाचंच राहणार नाही. मी त्याबद्दल पुन्हा विचारणार नाही.

मंगळवारी मॅडम कागदपत्रं बघतील आणि बूथवर फोन येईल. तोवर थांबले तर दादाला ते परक्याकडून कळेल. म्हणून उद्या सकाळी माग सुरू व्हायच्या आत मी सांगणार आहे. आई असेल. लंकाआत्या अजून इथंच आहेत. नाव तुमच्या नावावर का लिहिलं हे दादा विचारेल, तेव्हा ‘नका’पासून सगळं पुन्हा सांगावं लागेल. आत्या पुन्हा डोळ्याला पदर लावतील. नेवाश्याला काय कळवायचं ते आईनं ठरवावं. दादा काय करील ते मला माहीत नाही. त्यानं आजवर माझ्यावर हात उचललेला नाही.

खूप भीती वाटते आहे. पण या वेळी ते मला मनाची मोठी म्हणू शकणार नाहीत. या वेळी खिळ्याला कागद आहे, आणि तो कोणाकडूनही वाचून घेता येईल.

ज्ञानेश्वरी